‘टु श्रॉफ’: सराफाच्या पेढीवरून इंग्रजीत गेलेले आणि तिथेच विरलेले एक क्रियापद

चीनच्या कँटन बंदरातल्या एका अमेरिकी व्यापारी पेढीत उमेदीची वर्षे काढलेल्या विल्यम हंटरने १८८२ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यांत पेढीच्या कंप्रदोरबद्दल एक साधेसे वाक्य आहे. कंप्रदोर म्हणजे परदेशी पेढीचा चिनी कारभारी. नोकरचाकर, वाणसामान, रोकड, सगळे त्याच्या हाताखालून जाई. पेढीत आलेला पैसा तिजोरीत पडण्याआधी त्याचे ‘श्रॉफिंग’ होत असे आणि त्या कामातून कंप्रदोरला नफा सुटत असे, असा त्या वाक्याचा आशय.

हे वाक्य मराठीत आणायचे तर हात पहिल्यांदा ‘मोजणी’कडे जातो. पण मोजण्यातून नफा कुठून येणार? मोजणाऱ्याला फार तर मजुरी मिळते. ‘तपासणी’ म्हटले तरी भागत नाही. तपासणीत खोटे नाणे सापडले तर मालकाचे नुकसान टळते, तपासणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणजे या शब्दाच्या पोटात तिसरेच काहीतरी आहे. ते काय, हे शोधण्यासाठी कँटन सोडून आपल्याच सराफ कट्ट्यावर यावे लागते, कारण शब्द इथूनच तिकडे गेला.

‘स’चा ‘श’ कुठे झाला

मूळ अरबी. स-र-फ या धातूचा अर्थ वळवणे, फिरवणे, बदलणे. त्यावरून नाणी बदलून देणारा तो ‘सर्राफ’. अरबी व्याकरणात शब्दांची रूपे चालवण्याच्या शास्त्रालाही ‘सर्फ’च म्हणतात, म्हणजे रूप बदलणे हा धागा दोन्हीकडे एकच. फारसीतून शब्द हिंदुस्थानात आला. अकबराच्या टांकसाळीच्या नोकरवर्गात ‘सैरफी’ हे पद होते आणि नाण्याचा कस ठरवण्याचे काम त्याच्याकडे असे. मराठीने ‘सराफ’ घेतला, गुजरातीने ‘शराफ’.

इंग्रजी रूपातला ‘श’ कसा आला याची दोन उत्तरे संभवतात आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत. एक, सुरतेच्या बाजारात इंग्रजांच्या कानावर पडला तो गुजराती शराफ. दुसरे, त्यांच्या आधी शंभर वर्षे पोर्तुगीज हा शब्द ‘शर्राफो’ असा वापरत होते. १५५४ सालच्या सिमांव बोतेल्योच्या सरकारी नोंदवहीत जकात नाक्यावरच्या शर्राफोचा पगार दिला आहे: पैशावर नजर ठेवण्याबद्दल महिना २ परदाव, म्हणजे वर्षाला ७२०० रैस. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसानेही तिथल्या रस्त्यारस्त्यांवर नाणी बदलून देणारे बसलेले असतात, त्यांना ‘शराफो’ म्हणतात, असे लिहून ठेवले आहे. पुढे इंग्रजांच्या तोंडी मधला ‘अ’ गळाला आणि शराफचा ‘श्रॉफ’ झाला.

इथे एका गोष्टीत फसायला होते. गोव्यातच ‘शेराफिम’ नावाचे नाणे चालत असे. ते या घराण्यातले नाही. ते आले ‘अशरफी’वरून. सराफ आणि अशरफी कानाला भाऊभाऊ वाटतात, पैशाशीच जोडलेले आहेत, पण त्यांचे धातू वेगळे.

नामाचे क्रियापद

नाम जसेच्या तसे क्रियापद म्हणून जुंपायचे, ही इंग्रजीची जुनी खोड. ‘श्रॉफ’ हा माणूस, मग तो जे करतो ते ‘टु श्रॉफ’. मराठीत ‘सराफणे’ असे काही कधी झाले नाही. आपण ‘सराफी करणे’ म्हणतो आणि त्यात सावकारी, हुंड्या, व्याजबट्टा असा सगळाच धंदा येतो. इंग्रजीने मात्र त्या मोठ्या धंद्यातला एकच तुकडा कापून घेतला आणि त्याला नाव दिले.

तो तुकडा नेमका कोणता, हे यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात नीट सांगितले आहे. क्रियापदासाठी त्यांनी वेगळी नोंद केली आहे. तिचा सारांश असा: निरनिराळे रुपये किंवा इतर नाणी निवडणे, टाकाऊ काढून टाकणे, उरलेल्यांवर किती बट्टा, म्हणजे किमतीतली कपात, बसतो ते ठरवणे आणि सगळ्याची किंमत प्रमाण नाण्यात बसवणे. पुढे लाक्षणिक अर्थही दिला आहे: माणसे, घोडे, तथ्ये, जे असेल त्यातून चांगले वेचून घेणे.

बाकीच्या कोशांत याची ‘नाणी तपासणे’ अशी दोन शब्दांत बोळवण होते, आणि हंटरचे वाक्य अडते ते त्यामुळेच. तपासणे ही पहिली पायरी झाली. क्रियापदाचा जीव बट्ट्यात आहे.

हजाराची थैली

अठराव्या शतकातले बंगाल घेऊ, कारण तिथला बट्टा वर्षावर चाले आणि हिशेब स्वच्छ मांडता येतो. टांकसाळीतून नवा पडलेला रुपया तो ‘सिक्का’. एक वर्ष त्याला पूर्ण मान. दुसऱ्या वर्षी तो उतरे, तिसऱ्या वर्षापासून त्याचे नाव ‘सनत’ होई आणि तो आणखी उतरे. हिशेब ठेवायचा तो ‘चलनी’ रुपयात. हा चलनी रुपया कुणी पाहिलेला नव्हता, कारण तो फक्त वहीत असे. १०० सिक्क्यांचे ११६ चलनी, दुसऱ्या वर्षाच्या १०० नाण्यांचे ११३ आणि १०० सनतांचे १११, असा भाव.

आता समजा, वसुलीची १००० रुपयांची थैली सराफासमोर आली. खोटी निघालेली नाणी वेगळी काढून त्यांच्या जागी बदली घेतली आहेत. उरली ती अशी: ५०० चालू सालचे सिक्के, ३०० दुसऱ्या वर्षाचे, २०० सनत.

५०० सिक्क्यांचे ५८० चलनी. ३००चे ३३९. २०० सनतांचे २२२. बेरीज ११४१. हजारही नाणी सिक्के असती तर ११६० झाले असते. ११४१ चलनी परत सिक्क्यात फिरवले की येतात ९८३ रुपये ९ आणे ११ पै. थैलीत नाणी बरोबर १०००, एकही खोटे नाही, तरी तिची किंमत हजार नाही. सोळा रुपये आणि वर थोडे आणे आटले. इंग्रजीत ‘थैली श्रॉफ केली’ म्हणजे हे सगळे केले. मोजली असती तर उत्तर १००० आले असते.

या पायऱ्यांचा क्रम बदलला की घोळ होतो. आधी खोटी काढायची, मग टांकसाळ आणि साल पाहून ढीग लावायचे, मग प्रत्येक ढिगातली काही नाणी तराजूत घालून वजन अजमावायचे, आणि भाव लावायचा तो शेवटी. खोटी न काढता ढीग लावले तर ती चांगल्या ढिगात मिसळून त्याच्या भावाने निघून जातात. ढीग न लावता सरसकट वजन केले तर कातरलेल्या नाण्याची तूट जाड नाण्याच्या वाढीत लपते.

सगळ्यात अडचणीचे काम साल वाचण्याचे. नाण्यावर बादशहाचे जुलूस वर्ष, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचे वर्ष, फारसीत असे. पण ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. हातोड्याचा घाव बसला की ठशाचा काही भाग चकतीवर उमटे, काही हवेत राही. नेमका वर्षाचा आकडाच बाहेर पडलेली नाणी कमी नव्हती. मग उरलेल्या अक्षराच्या फराट्यावरून, फुलापानाच्या खुणेवरून, टांकसाळीच्या वळणावरून साल ओळखावे लागे. हे ज्याला येते त्याच्या शब्दावर १०० नाण्यांमागे ५ चलनी रुपयांचा फरक पडतो. वाचणारा तोच, भाव ठरवणारा तोच आणि बदलून देणाराही तोच.

आता यातली लबाडी. दोन वर्षांत रुपयाची चांदी इतकी झिजत नाही. बट्टा झिजेचा म्हणून सांगितला जाई, पण त्यामागे टांकसाळीचा स्वार्थ होता: जुने नाणे स्वस्त झाले की लोक ते नवे पाडून घ्यायला परत आणतात आणि टांकसाळीला पुन्हा घडणावळ मिळते. सराफाचा स्वार्थ वेगळा. सरकारात भरणा सिक्क्यातच करायचा असेल तर हप्त्याच्या दिवसांत सिक्क्याची मागणी चढते, तेव्हा बट्टाही चढतो. घेताना बट्टा कापायचा आणि देताना मात्र नाणे पुऱ्या किमतीला खपवायचे, ही सराफांविरुद्धची कायमची तक्रार. ईस्ट इंडिया कंपनीने यावर काढलेला तोडगा मजेशीर होता: सालच गोठवून टाकले. मुर्शिदाबादी सिक्क्यावर शाह आलमचे १९वे वर्ष कायमचे बसले आणि सुरती रुपयावर ४६वे. नाणे पाडले कधीही, साल तेच. वाचायलाच काही उरले नाही, तर बट्टा कशावर लावणार?

महाराष्ट्रात बट्टा सालापेक्षा टांकसाळीवर जास्त चाले. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, प्रत्येकाचा भाव निराळा आणि गावागणिक बदलता. सरकारी भरण्यातले नाणे पारखायचे काम पोतदाराचे. खेड्यात ते बहुधा सोनाराकडेच असे. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आज म्हणतो तेव्हा आठवण या कामाची असते. चेक ‘वटतो’ तोही याच वटावाच्या, म्हणजे बट्ट्याच्या, घरातला शब्द.

कँटन: कान, कड आणि ठसा

हिंदुस्थानातून हा शब्द कंपनीच्या व्यापाराबरोबर चीनच्या किनाऱ्यावर गेला. तिथे रुपया नव्हता. होता स्पॅनिश आणि नंतर मेक्सिकन चांदीचा डॉलर: सुमारे २७ ग्रॅम वजन, शंभरात नव्वद भाग चांदी. चिनी वजनात तो साधारण ७ मेस २ कँडरीन भरे. माणसे चिनी, नाणे स्पॅनिश, भाषा इंग्रजी आणि कामाचे नाव मात्र सराफ कट्ट्यावरचे.

इथे साल वाचायचे नव्हते. भीती होती ती पोकळ नाण्याची. कारागीर डॉलर कोरून आतली चांदी काढून घेत, पोकळीत तांबे किंवा शिसे भरत आणि जोड डाखाने बुजवून कडेवरची नक्षी पुन्हा हाताने कोरत. दोन्ही तोंडे अस्सलच राहत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नसे. तराजूही फसे. शिसे चांदीपेक्षा जड, तांबे हलके. दोन्ही बेताने भरले की वजन चोख भरते. नुसते तांबे भरले असेल तरच नाणे हलके लागते.

फसत नाही तो कान. चांदी-तांब्याच्या सलग मिश्रधातूचे नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने टिचकले तर लांब, बारीक खणखणते. आत शिसे असेल तर ते थरथर गिळून टाकते आणि आवाज बद्द येतो. आपण एखाद्या माणसाला ‘खणखणीत नाणे’ म्हणतो ते याच परीक्षेवरून. कानानंतर कड. यंत्राने पाडलेल्या नक्षीतले अंतर सारखे असते, हाताने कोरलेल्या नक्षीत कुठेतरी एखादा दात रुंद होतो, आणि तो बहुधा जोडाच्या जागीच.

हे शिकवणाऱ्या शाळा कँटनमध्ये होत्या. हर्बर्ट जाइल्स या चिनी भाषेच्या अभ्यासकाने १८७८ साली त्यांची नोंद केली आहे: गुरुजी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे डॉलर मुद्दाम जपून ठेवत. या विद्येवर चित्रांसकट पुस्तकेही निघाली होती. त्यांत चांदी कोरून काढण्याच्या पद्धती, खऱ्या-खोट्या डॉलरची तुलना आणि देशी व परदेशी कडेच्या नक्षीतला फरक दाखवलेला असे. इतर कुठल्या पेशात चुकीचा नमुना एवढ्या निगुतीने सांभाळत असतील असे वाटत नाही.

पारख झाली की श्रॉफ नाण्यावर आपला बारीक ठसा मारी. ठसा म्हणजे हमी: हे आमच्या हातून गेले आहे, खोटे निघाले तर आम्ही बांधील. पुढच्या पेढीचा श्रॉफ त्याच्या शेजारी आपला ठसा मारी. दहा-वीस हात फिरलेला डॉलर ठशांनी वाटीसारखा खोलगट होई आणि शेवटी फुटे. मग तो डॉलर राहत नसे, वजनावर विकायची चांदी होई. म्हणजे ज्या कृतीने नाण्याची किंमत शाबूत ठेवायची तीच कृती नाणे खात असे. दक्षिण चीनमध्ये ठसे मारलेले डॉलर वजनाने चालत, शांघायकडे मात्र लोकांना कोरा डॉलर हवा असे आणि तो नगावर मोजला जाई. शिवाय चांदी तेवढीच असून स्पेनच्या कार्लोस राजाच्या मुखवट्याच्या डॉलरला जास्त भाव मिळे, कारण लोकांचे डोळे त्या चेहऱ्याला सरावलेले. श्रॉफच्या हिशेबात धातूबरोबर हा भरवसाही मोजावा लागे.

या बाजारासाठी १८९५पासून ब्रिटिश व्यापारी डॉलर पाडला गेला, आणि तो पडला मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत. हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया एका बाजूला, चिनी आणि अरबी वळणाची मलय अक्षरे दुसऱ्या बाजूला. भिंगाखाली त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर मुंबईचे बारीक ‘बी’ अक्षर दिसते. नाणेसंग्राहकांकडच्या काही डॉलरांवर त्याच अक्षराशेजारी चिनी श्रॉफचा ठसा असतो. शब्द आणि नाणे, दोन्ही याच किनाऱ्यावरून गेले आणि तिकडे एका चकतीवर भेटले.

तर कंप्रदोरचा नफा कुठे होता

आता हंटरचे वाक्य उलगडते. श्रॉफ कंप्रदोरच्या हाताखाली काम करत आणि हमी कंप्रदोरची असे. त्या हमीचा मोबदला म्हणजे ‘श्रॉफेज’, शेकड्यावर घ्यायची दलाली. ही झाली उघड मिळकत. दुसरी जागा भावात. ठसे पडलेला, झिजलेला, अनोळखी मुखवट्याचा डॉलर किती उणा धरायचा, हे ठरवणारा माणूस आणि तोच डॉलर उद्या बाजारात देणारा माणूस एकच असेल, तर दोन भावांतली फट त्याचीच. खोटे न बोलता, एकही नाणे न चोरता हा नफा होऊ शकतो. बंगालच्या सराफाविरुद्धची तक्रार इथेही लागू पडते.

क्रियापद मेले कशाने

हिंदुस्थानात त्याचा पाया १८३५ साली उखडला. त्या वर्षीच्या १७व्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया केला: १८० ग्रेन वजन, त्यात १६५ ग्रेन चांदी. यंत्राने पाडलेला, सगळीकडे सारखा. लोकांनी त्याला ‘कलदार’ म्हटले, कळीवर, म्हणजे यंत्रावर, पडलेला म्हणून. कलदारात टांकसाळीचा भेद नाही, सालाचा नाही, म्हणून बट्टाही नाही. खोटे नाणे ओळखण्याचे काम उरले, पण ते कारकुनाचे काम झाले. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चालू राहिल्याने मराठवाड्यात बट्टा पुढे शंभरावर वर्षे जगला. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार, हा हिशेब तिथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ असे.

चीनमध्ये शेवट १९३३ ते १९३५ या काळात आला. आधी चांदी तोलण्याचे टेल हे माप हिशेबातून गेले, मग चीनने आणि पाठोपाठ हाँगकाँगने चांदीच सोडली. नोट टिचकून वाजत नाही. क्रियापद गेले.

नाम मात्र टिकले, आणि तेही विचित्र जागी. हाँगकाँगच्या वाहनतळांत, इस्पितळांत, कोर्टकचेऱ्यांत पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. मुंबईत ते आडनाव झाले. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेत, जिथे जगातल्या चलनांचे परस्परभाव बांधून टाकायचे चालले होते, हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ए. डी. श्रॉफ होते. नावाला काम याहून शोभणारे मिळणे कठीण.

मराठीत काय लिहायचे

जुने इंग्रजी कागद मराठीत आणणाऱ्याने ‘श्रॉफ्ड’ दिसल्यावर आधी संदर्भ पाहावा. हिंदुस्थानातला खजिना असेल तर ‘नाणी पारखून बट्टा लावला’ हेच बरोबर. ‘पारखली’ एवढ्यावर थांबले तर पुढच्या ओळीतली रक्कम जुळत नाही आणि वाचक ती मूळ कागदातली चूक समजतो. चीनमधली पेढी असेल तर ‘पारखून ठसा मारला’ हेही अर्थात येऊ शकते, विशेषतः पुढे हमीचा किंवा भरपाईचा उल्लेख असेल तेव्हा. माणसे किंवा घोडे ‘श्रॉफ’ केले असतील तर ‘पारखून घेतले’ पुरते, बट्टा आणायची गरज नाही.

नामाच्या बाबतीत सापळा उलटा आहे. आज मराठीत सराफ म्हणजे दागिन्यांचा व्यापारी. नाणी एकसारखी झाल्यावर सराफाच्या हाती सोन्याचांदीचा धंदा उरला आणि शब्दाचा अर्थ त्याच्यामागे गेला. १७७० सालच्या कागदातला ‘श्रॉफ’ सराफ म्हणून उतरवला की वाचकाला काचेच्या कपाटातल्या पाटल्या दिसतात. तिथे ‘नाणावटी’ लिहावे. शब्द जुना आहे, आडनावात अजून ऐकू येतो, आणि त्यात नाणे सरळ दिसते.